नकाशावरचा ठिपका कुठून येतो?

भाड्याने दिलेला जनरेटर, रस्त्याच्या कामावरची क्रेन, रुग्णवाहिका, फिरता पंप. ही यंत्रं आत्ता कुठे आहेत, हे शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या माणसाला पडद्यावर दिसतं. ‘उपग्रह नजर ठेवून असतो’ असं सर्रास म्हटलं जातं, पण ते खरं नाही. जीपीएसच्या उपग्रहांना खाली कोण आहे याचा पत्ताही नसतो.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह अखंड एवढंच सांगत असतो: मी इथे आहे आणि माझ्या अणुघड्याळात इतके वाजले आहेत. हा संदेश खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. लागलेल्या वेळाला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर मिळतं. गोम आहे ती घड्याळात. एका मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकतं. उपग्रहावरची घड्याळं सापेक्षतेच्या नियमामुळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे गेली असती. त्याची भरपाई उड्डाणाआधीच केलेली असते. पण रिसीव्हरमध्ये, म्हणजे खाली हा संदेश पकडून अंतर काढणाऱ्या उपकरणात, बसवलेलं साधं क्वार्ट्झचं घड्याळ तर चुकणारच. म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्या जोडीला ‘माझं घड्याळ किती चुकतंय’ हे चौथं अज्ञात धरतात आणि ते सोडवायला किमान चार उपग्रह लागतात. या साऱ्या यंत्रणेतली मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती हीच.

इथवर आपण कुठे आहोत हे फक्त त्या रिसीव्हरला कळलेलं असतं. ते मालकाला सांगण्याचं काम सेल्युलर राउटर करतो. या डबीत सिम कार्ड, मोडेम आणि जीपीएस रिसीव्हर एकत्र असतात, आणि ती यंत्राच्याच १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. नुसता ट्रॅकर याहून स्वस्त पडतो, हे खरं. पण राउटर असला की इंजिन किती तास चाललं, इंधन किती उरलं, कॅमेऱ्याला काय दिसतंय, हे सगळं त्याच जोडणीवरून पाठवता येतं. स्थानाच्या माहितीला जागा तर फारच थोडी लागते. रिसीव्हरची एक ओळ जास्तीत जास्त ८२ अक्षरांची असते. मिनिटाला एक ओळ पाठवली तर दिवसाचे जेमतेम १२० किलोबाइट होतात. सेकंदाला एक पाठवली तर ७ मेगाबाइट, आणि उभ्या जनरेटरसाठी ते शुद्ध वाया. म्हणून ‘अमुक मीटर हललं तरच कळव’ किंवा ‘आखलेल्या हद्दीबाहेर गेलं तर लगेच कळव’ असे नियम घालून देणं शहाणपणाचं.

मदत उलट दिशेनेही होते. बराच वेळ बंद असलेल्या रिसीव्हरला उपग्रहांच्या कक्षांची ताजी माहिती आकाशातून उतरवून घ्यायला साधारण अर्धा मिनिट लागतो. तीच माहिती मोबाइल नेटवर्कवरून क्षणात मिळते.

खरी कसोटी लागते ती नेटवर्क नसलेल्या जागी. घाटात किंवा खाणीत आकाश मोकळं असेल तर उपग्रह दिसतात, टॉवर मात्र नसतो. चांगला राउटर अशा वेळी प्रत्येक नोंद वेळेसह साठवून ठेवतो आणि नेटवर्क मिळताच पाठवून देतो. तोवर पडद्यावरचा ठिपका जुन्याच जागी उभा असतो. म्हणूनच ठिपक्याशेजारी ‘शेवटची नोंद’ किती वाजताची आहे, हे न दाखवणारं सॉफ्टवेअर मी कुणालाही सुचवणार नाही. वेळेशिवाय स्थान म्हणजे अर्धवट माहिती, आणि चोरीच्या प्रसंगी ती दिशाभूलच करते.

बसवतानाची काळजीही महत्त्वाची. जमिनीवर पोचेपर्यंत उपग्रहाचा संदेश अत्यंत क्षीण झालेला असतो आणि लोखंडी पेटी त्याला पुरती अडवते. राउटर आत ठेवला तरी अँटेना बाहेर, आकाश दिसेल अशी हवी. उंच भिंतींवर आपटून आलेला संदेश लांबचा रस्ता घेतो, त्यामुळे गजबजलेल्या वस्तीत ठिपका शेजारच्या गल्लीत सरकतो.

हा क्षीणपणा चोरांनाही ठाऊक असतो. १५७५.४२ मेगाहर्ट्झवर छोट्याशा जॅमरने गोंगाट केला की रिसीव्हर आंधळा होतो. मोबाइलच्या लहरी मात्र वेगळ्या पट्ट्यांत असतात. जॅमर त्याही दाबणारा नसेल, तर राउटर ‘उपग्रह दिसेनासे झाले’ असं कळवू शकतो आणि आपण कोणत्या टॉवरला जोडलेलो आहोत हेही सांगू शकतो. दाट वस्तीत त्यावरून काहीशे मीटरचा आणि मोकळ्या माळावर काही किलोमीटरचा परिसर हाती लागतो. शोध सुरू करायला तेवढं पुरतं.