सोंडेपर्यंत बाप्पा, खाली करडी पट्टी

विसर्जन मिरवणूक संपली की पुण्यात एक तक्रार हमखास कानावर येते. लक्ष्मी रोडवर तासन्‌तास उभं राहून ढोलपथकांचे फोटो काढले, घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं, कॉपी केलं, आणि नेमका हवा तोच फोटो सोंडेपर्यंत धड. त्याखाली मूर्ती बाजूला सरकलेली, रंग गुलाबीसर, आणि तळाशी सपाट करडी पट्टी. निदान करणारे लगेच भेटतात. कोणी म्हणतं व्हायरस, कोणी म्हणतं मोबाइलच्या कव्हरमधल्या चुंबकाने कार्ड उडवलं. चुंबकाची ही धास्ती फ्लॉपीच्या जमान्यातली. मेमरी कार्डात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, इवल्या कप्प्यांत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात. कव्हरमधलं चुंबक त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. आणि व्हायरसला फोटोचा खालचाच भाग खायची हौस का असावी, हे कोणी सांगत नाही.

तो फोटो असाच का बिघडतो, याचं उत्तर जेपेगच्या, म्हणजे कॅमेरा फोटो आवळून साठवतो त्या पद्धतीच्या, पोटात आहे. मला या प्रकाराचं फार कौतुक आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

६००० × ४००० बिंदूंचा फोटो जसाच्या तसा साठवला तर ७२ एमबी जागा घेईल. कार्डावर मात्र तो सात-आठ किंवा दहा एमबीत बसतो. १९९२ साली ठरलेलं जेपेग मानक चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडतं. आपल्या फोटोत असे ३,७५,००० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांचं कोसाइन लहरींमध्ये रूपांतर होतं: सरासरी उजेड किती, हळूहळू बदलणारा भाग किती, बारीक पोत किती. डोळ्याला न कळणारा बारकावा इथेच गाळला जातो. त्यावर आणखी दोन काटकसरी होतात, आणि आपली करडी-गुलाबी कहाणी या दोन काटकसरींची आहे.

पहिली अशी की चौकोनाची सरासरी पूर्ण लिहीतच नाहीत, आधीच्या चौकोनापेक्षा किती जास्त किंवा कमी एवढंच लिहितात. वाण्याच्या उधारीच्या वहीत शिल्लक न मांडता नुसतं ‘अधिक वीस, वजा पंधरा’ लिहीत गेल्यासारखं. एक नोंद चुकली की शेवटच्या पानापर्यंत सगळी शिल्लक चुकते. उजेडाचा आणि दोन रंगांचा हिशेब वेगवेगळा चालतो. रंगाच्या हिशेबात चूक घुसली की तिथून पुढचा अख्खा बाप्पा गुलाबी किंवा हिरवट.

दुसरी काटकसर डेव्हिड हफमन यांच्या १९५२च्या पद्धतीची: वारंवार येणाऱ्या गोष्टीला छोटा संकेत, क्वचित येणाऱ्या गोष्टीला लांब. समजा क = ०, ख = १०, ग = ११०. मग ‘खकगक’ म्हणजे १००११००. मध्ये स्वल्पविराम नाही, जागा नाही. संकेत कुठे संपला हे तो संकेतच सांगतो. आता फक्त पहिला बिट, म्हणजे पहिला ० किंवा १, उलटा करा: ०००११००. वाचा, ‘कककगक’. शेवट पुन्हा जुळला, पण चार अक्षरांची पाच झाली! फोटोत नेमकं हेच होतं. वाचन थोड्या वेळाने ताळ्यावर येतं, पण चौकोनांची मोजणी चुकलेली असते, म्हणून मूर्ती बाजूला सरकते. आणि माहिती मध्येच संपली तर उरलेल्या चौकोनांत शून्य भरलं जातं. जेपेगमध्ये शून्याचा अर्थ ० ते २५५ मधला मधोमधचा १२८, म्हणजे करडा. काही फायलींत ठराविक अंतराने ‘इथून हिशेब नव्याने’ अशी खूण पेरलेली असते. ती असली तर नुकसान एखाद्या पट्टीवर भागतं.

‘पण फोल्डरमध्ये तर फोटो अख्खा दिसतो!’ दिसणारच. फाइलच्या सुरुवातीलाच साधारण १६० × १२० बिंदूंचं एक चिमुकलं चित्र वेगळं ठेवलेलं असतं, आणि फोल्डरमध्ये पुष्कळदा तेच दाखवलं जातं. त्यावर विसंबून कार्ड पुसू नका.

आता दोष कुठला ते शोधू. कार्डावर नवीन काही लिहू नका, ‘फॉरमॅट करायचं का?’ या प्रश्नाला नाही म्हणा, आणि दुरुस्तीच्या कुठल्याही बटणाला अजून हात लावू नका. कार्ड काढून पुन्हा घाला, वेगळ्या कार्ड रीडरने दुसरी प्रत घ्या, आणि दोन्ही प्रतींचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या माहितीवरून काढलेला ठशासारखा आकडा, काढून ताडून बघा. एका बिटाचाही फरक असेल तरी तो आकडा पार बदलतो. दोन्ही प्रती वेगळ्या निघाल्या तर वाटेत गडबड आहे: रीडर किंवा लॅपटॉपची रॅम. कार्ड आणि रीडर यांच्यातल्या प्रत्येक गठ्ठ्याची सीआरसी तपासणी (सोबत पाठवलेल्या पडताळणीच्या आकड्याशी ताळा) होते खरी, पण माहिती रीडरच्या किंवा लॅपटॉपच्या स्मृतीत पडल्यावर बिघडली तर ती तपासणी हात वर करते. दोन्ही प्रती एकसारख्याच बिघडलेल्या असतील तर संशय कार्डावर. मग संपूर्ण कार्डाची प्रतिमा, म्हणजे बिट न्‌ बिट हुबेहूब नक्कल, हार्ड डिस्कवर घ्यायची आणि फोटोरेकसारखं मोफत साधन त्या प्रतिमेवर चालवायचं. ते फाइलींची यादी बघतच नाही. जेपेगची सुरुवात करणारे एफएफ डी८ हे बाइट शोधत जातं. फाइलचे तुकडे कार्डावर विखुरलेले असले तर मात्र त्याचीही पंचाईत होते.

कार्ड पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, घासाघीस करून फारच स्वस्तात मिळालेलं असेल तर आणखी एक शक्यता. बनावट कार्डाचा कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार बघणारी चिप, स्वतःला १२८ जीबी म्हणवतो आणि आत साठवणीची चिप असते ८ जीबीची. पहिले फोटो उत्तम, नंतरचे सगळे गायब किंवा एकावर एक लिहिलेले. नवीन कार्ड मिरवणुकीत नेण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने काठोकाठ भरून वाचून बघा; वेळ लागतो, पण खोटेपणा उघडा पडतो.

हल्ली ‘एआयने फोटो रिपेअर’ अशाही जाहिराती दिसतात. करड्या पट्टीच्या जागी हात, मोदक, उंदीर सगळं सुबक येईल, पण ते यंत्राने कल्पनेने काढलेलं असेल. तुमच्या मंडळाच्या मूर्तीच्या हातात मोदक होता की नाही, हे त्याला ठाऊक नाही.