लुडविग फॉन फिंके

लुडविग फॉन फिंके (जन्म २३ डिसेंबर १७७४, मिंडेन, मृत्यू २ डिसेंबर १८४४, म्युन्स्टर) हा प्रशियातला सरदार घराण्यातला प्रशासक. १८१५ मध्ये प्रशियाने आजच्या जर्मनीच्या पश्चिम भागात वेस्टफालिया हा नवा प्रांत बनवला, त्याचा हा पहिला ओबरप्रेसिडेंट, म्हणजे प्रांतातला सगळ्यात वरचा अधिकारी, आणि मरेपर्यंत जवळजवळ तीस वर्षं त्याच पदावर राहिला. प्रशिया म्हटलं की आपल्याकडे बिस्मार्क आणि लढाया एवढंच वाचायला मिळतं, पण ते राज्य रोजच्या रोज चालवलं ते असल्या माणसांनी, आणि त्यात फिंके मला सगळ्यात वेगळा वाटतो.

वडील मिंडेनच्या कॅथेड्रलचे डीन होते. शाळा हालेला झाली आणि मग मारबुर्ग, एरलांगेन, ग्योटिंगेन अशा तीन युनिव्हर्सिट्यांत शिक्षण. १७९८ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो मिंडेनचा लांडराट झाला. प्रशियात जिल्ह्याला क्राइस म्हणत आणि त्याचा प्रमुख तो लांडराट, साधारण आपल्या कलेक्टरसारखा, फक्त हा माणूस बहुतेक वेळा त्याच भागातला जमीनदार असायचा, त्यामुळे राजाचा नोकर आणि स्थानिक सरदारांचा माणूस अशा दोन्ही भूमिका त्याला सांभाळाव्या लागायच्या. कर, सैन्यभरती, पोलीस, रस्ते सगळं त्याच्याकडेच. फिंके अंगाने अगदी लहानखुरा होता, त्याला बघून राजाने 'इथे पोरांना लांडराट करतात का' असं विचारलं असा किस्सा सांगितला जातो.

लवकरच त्याने इंग्लंड बघून घेतलं, १८०२ मध्ये मेरिनो मेंढ्या विकत घेण्यासाठी सरकारने त्याला स्पेनला पाठवलं, १८०३ मध्ये तो आउरिखला चेंबरचा, म्हणजे त्या भागाचा कारभार बघणाऱ्या सरकारी कचेरीचा, प्रेसिडेंट झाला आणि पुढच्याच वर्षी म्युन्स्टरला, तेही फ्रायहेर फॉम स्टाइनच्या जागी. स्टाइन म्हणजे प्रशियाच्या सुधारणांचा मोठा नेता आणि फिंकेवर त्याचा खूप प्रभाव होता. १८०६ मध्ये येनाला नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला, १८०७ च्या टिल्झिट तहात एल्बे नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख गेला आणि फ्रेंचांनी फिंकेलाही पदावरून काढलं. या काळात त्याने ब्रिटनच्या अंतर्गत कारभारावर पुस्तक लिहिलं, जे इतिहासकार नीबूरने १८१५ मध्ये छापलं. इंग्लंडात गावपातळीवरची पुष्कळ कामं स्थानिक माणसंच बिनपगारी करतात, सरकारी कारकुनांची फौज लागत नाही, हे त्याला फार आवडलं होतं. १८१३ मध्ये फ्रेंचांनी त्याला अटक करून ऱ्हाइनच्या पलीकडे पाठवलं, पण त्याच वर्षी लाइपझिगला नेपोलियन हरला आणि फिंके परत येऊन कारभाराला लागला.

नवा प्रांत काही एकजीव नव्हता. कुठे जुनी प्रशियन जमीन, कुठे बिशपांची कॅथलिक राज्यं, कुठे लहानसहान संस्थानं, कायदे वेगळे, कर वेगळे, धर्म वेगळा आणि त्यात वरचा अधिकारी प्रोटेस्टंट. फिंकेने ऑफिसात बसून हे सोडवायचा प्रयत्न केला नाही, तो फिरला. अंगात शेतकऱ्यांचा निळा सुती झगा, हातात काठी, तोंडात पाईप, आणि पायी गावोगाव, त्यामुळे समोरच्याला कळायचंच नाही की आपण ओबरप्रेसिडेंटशी बोलतोय. वेस्टफालियात त्याच्या गोष्टी लोक सांगत राहिले त्या याच कारणाने. पक्के रस्ते, लिप्पे नदीवर लॉकगेट बांधून बोटींची सोय, रूर नदीवरची वाहतूक आणि रूरओर्टचं बंदर, जमिनीची मोजणी, शाळा, या सगळ्यात तो जातीने लक्ष घालायचा. रूरचा कोळसा आधी नदीतूनच बाहेर जायचा, रेल्वे नंतर आली, म्हणून नदीचं हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १८३२ मध्ये सार्वजनिक कामांना कर्ज देणारी प्रांतिक मदत बँकही निघाली.

पण लोकांसाठी करणं आणि लोकांना विचारून करणं यात फरक आहे, आणि फिंके पहिल्या प्रकारातला. शेवटी तो राजाचाच माणूस. १८३७ मध्ये मिश्र (कॅथलिक-प्रोटेस्टंट) विवाहांवरून सरकारचं आणि कोलोनच्या आर्चबिशपचं बिनसलं, सरकारने आर्चबिशपला पकडून मिंडेनला ठेवलं, तो आर्चबिशप मुळात म्युन्स्टरकडच्या ड्रोस्टे त्सू फिशरिंग घराण्यातला, त्यामुळे म्युन्स्टरमध्ये गडबड झाली आणि फिंके थेट अडचणीत आला, कारण इतकी वर्षं मिळवलेला कॅथलिकांचा विश्वास एका वरच्या हुकुमाने हलला.

पहिली बायको एलेओनोरे फॉन झिबेर्ग, तिच्याकडून हागेनजवळचं हाउस बुश हे घर आलं आणि फिंकेचं दफनही तिथेच झालं. त्यांचा मुलगा गेओर्ग (१८११–१८७५) हागेनचा लांडराट होता, पण वळण वेगळं, १८४७ च्या संयुक्त लांडटागमध्ये, म्हणजे प्रशियाच्या सगळ्या प्रांतांच्या प्रतिनिधींच्या एकत्र सभेत, तो उदारमतवाद्यांचा गाजलेला वक्ता ठरला आणि १८५२ मध्ये त्याचं बिस्मार्कशी पिस्तुलांचं द्वंद्व झालं, दोघांचाही नेम चुकला.

म्हातारपणी फिंकेच्या मनात होतं ते अंध मुलांच्या शिक्षणाचं. पाडरबोर्नला पाउलिने फॉन मालिंक्रोट यांनी १८४२ मध्येच अंध मुलांची शाळा सुरू केली होती, ती त्याच्या डोळ्यासमोर होती. त्याच्या नावाच्या प्रांतिक अंधशाळा मात्र तो गेल्यावर, १८४७ मध्ये निघाल्या, कॅथलिक मुलांसाठी पाडरबोर्नला आणि प्रोटेस्टंट मुलांसाठी झोस्टला. झोस्टमधली शाळा आजही फॉन फिंके शाळा म्हणूनच ओळखली जाते.