फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट

कोर्टाला, पोलिसांना किंवा जेलला माणसाच्या मनाबद्दल जो प्रश्न पडतो त्याचं उत्तर तपासणी करून देणारा मानसशास्त्रज्ञ म्हणजे फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट. सिरियलमध्ये दाखवतात तसा तो खुनी शोधत फिरत नाही, त्याचा बराचसा वेळ माणसांशी बोलण्यात, टेस्ट घेण्यात आणि रिपोर्ट लिहिण्यातच जातो. सांगली-साताऱ्याकडं हे काम बहुतेक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच ओपीडी सांभाळून करतात.

शिक्षणाची वाट आजवर अशी राहिलीय, की आधी मानसशास्त्रात एमए, मग दोन वर्षं फुलटाइम एमफिल, त्यात पेशंटसोबत देखरेखीखाली काम, आणि मग आरसीआयकडं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी. आपल्याकडची पोरं एमए शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजातून करतात, पुढं मात्र बंगळूरच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थेत जावं लागतं.

कोर्टाचे दोन प्रश्न कायम एकमेकांत मिसळले जातात. पहिला, गुन्हा करताना त्या माणसाला आपण काय करतोय आणि ते चूक आहे हे कळत होतं का. हे पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 84 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे. सिझोफ्रेनिया या भास-भ्रमाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत एवढ्यावर सुटका होत नाही, त्या घटकेची अवस्था बघतात. दुसरा प्रश्न आजचा आहे, म्हणजे आरोपीला खटला समजतोय का, वकिलाला तो काही सांगू शकतो का. नसेल तर सिव्हिल सर्जन तपासतात आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं पाठवतात. शिवाय 16 ते 18 वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्हा असला की बाल न्याय मंडळ 2015 च्या कायद्याप्रमाणे त्याची प्राथमिक तपासणी करतं, तिथंही मानसशास्त्रज्ञाची मदत लागते.

यातलं पहिल्या प्रश्नाचं काम आपल्या भागात फार अवघड होतं. आजार होता हे दाखवायचा भार आरोपीवर असतो आणि कोर्ट आधीच्या उपचाराचे कागद मागतं. आता जत नाहीतर माण तालुक्यातल्या वाडीवर माणूस रात्रभर जागा राहायला लागला, एकटाच बडबडायला लागला तर घरचे आधी देवरुषाकडं नेतात, कुणी करणी केली म्हणतात, अंगात आलं म्हणतात, आणि देवरुषी काही केसपेपर देत नाही. चार-चार वर्षांच्या आजाराचा एक कागद नसतो. मग आई, भावकी, शेजारी, शाळेतले मास्तर यांच्याशी वेगवेगळं बसून बोलावं लागतं, कधीपासून जेवण तुटलं, कधी रानात जाणं बंद केलं, हे सगळं तारीखवार जुळवावं लागतं. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेलाच डॉक्टरकी शिकले, त्यांनी ज्यासाठी जन्म घालवला तो जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झाला, पण या कामात बसलं की कळतं उपचाराला झालेला उशीर कोर्टापर्यंत कसा पोचतो ते.

रिपोर्टमध्ये माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे. "डोक्यात किडे वळवळतात" असं तो म्हणाला तर तेच लिहायचं, खाली आपला अर्थ वेगळा. जतच्या पूर्वेकडं कन्नड बोलतात, तिथला माणूस मराठीत अडखळला म्हणून त्याला मंद ठरवणं हा सरळ अन्याय आहे, दुभाषी घेतलाच पाहिजे. बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी तर मुळात मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बसवलेली आहे.

उपचार करणारा आणि कोर्टासाठी तपासणारा शक्यतो एकच नसावा. पेशंट विश्वासानं मन मोकळं करतो, आणि इथं तर बोललेलं कोर्टात जाऊ शकतं, म्हणून पहिल्या भेटीतच सांगायचं, "दादा, मी तुमचा डॉक्टर म्हणून आलेलो नाही, तुम्ही सांगाल ते रिपोर्टात येईल." समजलं का ते त्याच्याच तोंडून परत वदवून घ्यायचं. नार्को, म्हणजे औषध देऊन बोलतं करायची चाचणी, आणि लाय डिटेक्टरसुद्धा संमतीशिवाय चालत नाही, सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये सेल्वी खटल्यात तसं स्पष्ट केलंय.

शिकवताना माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ उलटतपासाला द्यावा. वर्गात एकानं वकील व्हायचं, एकानं साक्षीदार, आणि स्वतःच लिहिलेल्या रिपोर्टमधल्या प्रत्येक वाक्याला "हे कशावरून?" विचारायचं. ज्या वाक्याला उत्तर सापडत नाही ते खोडायचं. पहिल्या खेपेला पोरांचा निम्मा रिपोर्ट खोडला जातो.