जुन्या मोटारीतील कमी खर्चाचे इनटेक व एक्झॉस्ट फेरबदल

इंजिनात हवा शिरण्याची आणि जळालेला वायू बाहेर पडण्याची वाट मोकळी करून जुन्या मोटारीची ओढ, आवाज किंवा ॲव्हरेज सुधारण्याची खटपट. एअर फिल्टर, त्याची पेटी, हवेची नळी, मॅनिफोल्ड (सिलिंडरांना जोडणारा फाटेदार पाइप), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायू निवळणारा डबा), सायलेन्सर आणि मागचा पाइप एवढ्यापुरतीच ती असते. टर्बो बसवणे किंवा इंजिन उघडणे यात मोडत नाही. जुन्या गाडीत अशी ‘मिळालेली’ ताकद बहुतेक वेळा काजळी-गंजात हरवलेलीच परत सापडलेली असते.

टर्बो नसलेल्या इंजिनात हवा ढकलतो तो फक्त वातावरणाचा दाब. समुद्रसपाटीला तो सुमारे १,०३३ सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो, म्हणजे वाटेत १० सेंमी पाण्याइतका दाब खर्ची पडला तर ताकद ढोबळमानाने एक टक्का गेली. हे घरी मोजता येते. पारदर्शक नळीला लांब पायांचा इंग्रजी ‘यू’सारखा बाक देऊन ती फळीवर बांधायची, निम्मी पाण्याने भरायची, एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) यांच्या मधल्या पाइपला जोडायचे, दुसरे उघडे ठेवायचे. नळी मीटरभर तरी उंच हवी, नाहीतर पाणी इंजिनात ओढले जाईल. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना शेजारच्या माणसाने दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक वाचायचा. तो ६ सेंमी भरला, तर जगातला सर्वांत महागडा फिल्टरही अर्ध्या टक्क्याहून फारसे काही देणार नाही. फरक त्याच्या कितीतरी पट आला आणि फिल्टर काढल्यावर एकदम उतरला, तर दोष फिल्टरचा. तसाच राहिला तर तो पेटीच्या तोंडाशी किंवा आत चेपलेल्या नळीत शोधावा. फिल्टर काढून गाडी चालवायची ती या चाचणीपुरतीच, धूळ नसलेल्या रस्त्यावर.

हवेचे तापमानही तेवढेच महत्त्वाचे. दर ३ अंश सेल्सियसमागे हवा सुमारे एक टक्क्याने विरळ होते. पेटी फेकून बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावणारे रेडिएटर आणि मॅनिफोल्डवरून आलेली गरम हवा इंजिनाला पाजतात, आणि वाट मोकळी करून कमावलेले तिथेच घालवतात. कंपनीची पेटी बहुधा पुढच्या जाळीमागून थंड हवा घेते. तिची नळी निखळली असेल तर ती परत जोडणे हा फुकटचा फेरबदल. पुष्कळ जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत थंडीत मॅनिफोल्डजवळची ऊबदार हवा घेणारी झडप असते. ती गंजून गरम बाजूलाच अडकली, तर गाडी उन्हाळाभर गरम हवा ओढत राहते. मात्र थंड हवेच्या हव्यासापायी तोंड फार खाली नेऊ नये. साचलेले पाणी आत शिरले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

हवेच्या नळीला चिकटलेला पोकळ डबा अडगळ समजून काढला जातो. तो ठरावीक वेगाला होणारी घरघर मारण्यासाठी असतो. तो काढला की आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की पिकअप वाढल्यासारखा वाटतो. कानाची ही साक्ष फार धरू नये. तेल लावलेल्या कापडी फिल्टरला तेल जास्त झाले, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापत्या तारेवर त्याचा थर बसतो.

एक्झॉस्टबाबत ‘इंजिनाला थोडा उलटा दाब (बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा अडथळा) लागतोच’ ही समजूत गॅरेजोगॅरेज ऐकू येते. इंजिनाला तो नको असतो. त्याला हवा असतो वायूचा वेग. वायू ठोक्याठोक्याने बाहेर पडतो, प्रत्येक ठोक्यामागे कमी दाबाचा पट्टा येतो, आणि दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना तो सिलिंडरमधला उरलासुरला वायू ओढून नेतो. पाइपचा व्यास १० टक्के वाढवला तर आतली जागा २१ टक्के वाढते, वेग पडतो आणि कमी आरपीएमला गाडी मरगळते. ‘दाब गेला म्हणून ओढ गेली’ असा निष्कर्ष इथूनच निघतो. व्यास मूळचाच ठेवून, चेपून वाकवलेल्या जागी आत साचा घालून वाकवलेला, गोलाई न बिघडलेला बेंड जोडणे जास्त शहाणपणाचे.

जुन्या गाडीचा गळा खरा दाबला जातो तो तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज (आतली ओढ मोजणारे काट्याचे यंत्र) लावून इंजिन २,५०० आरपीएमला धरावे. काटा स्थिर न राहता हळूहळू उतरू लागला, तर मागे वाट बंद आहे. थंड कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने थाप मारल्यावर आत खुळखुळले, तर मधाच्या पोळ्यासारखी जाळी फुटली आहे. मिसफायरमुळे (सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटल्याने) न जळलेले पेट्रोल तिच्यात जाऊन पेटते आणि ती वितळते, म्हणून आधी प्लग-कॉइल बघावे. नाहीतर नवाही तसाच जाईल. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप लावणे अनेक देशांत बेकायदा आहे.

एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) गळत असेल, तर दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे असे सांगतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवतो, ॲव्हरेज पडते. अशा गाडीत नव्या गॅस्केटइतका किफायतशीर सुटा भाग नाही. गळतीतला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरला, तर वासानेही कळत नाही.

एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होते. जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते मागच्या सायलेन्सरमध्ये साचून तो आतून कुजतो. त्याच्या तळाचे बारीक भोक पाणी जाण्यासाठीच असते. गळती समजून ते वेल्डिंगने बुजवू नये. भोकाळ नळीभोवती काचलोकर भरलेला सरळ सायलेन्सर वायूला कमी अडवतो, पण चार सिलिंडरच्या इंजिनाचे ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके पडतात, आणि हा घुमणारा सूर लांबच्या प्रवासात डोके उठवतो.

हवा वाढली की इंधनही जुळवावे लागते. कार्ब्युरेटरला जेट (इंधन मापून सोडणारी बारीक छिद्रे) बदलावे लागतात, नाहीतर पातळ मिश्रणाने व्हॉल्व्ह जळतात. प्लगचे टोक फिकट तपकिरी असावे, पांढरे म्हणजे धोका. इंजेक्शनची गाडी साध्या चालीत स्वतःला सावरते, पण पूर्ण थ्रॉटलला ईसीयूत आधीच भरलेल्या कोष्टकावर चालते.

खर्च फुगतो तो बोल्टपाशी. मॅनिफोल्डच्या जाम नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारावे, सोडवण्याआधी किंचित आवळून पाहावे, आणि तरी हलला नाही तर नट कापावा. स्टड (नट ज्यावर बसतो तो आटेदार दांडा) हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या भागात, तुटला की ड्रिलच्या मजुरीत सगळी बचत जाते. परत बसवताना पितळी नट लावले तर ते स्टडला गंजून चिकटत नाहीत.