चालक गेला कुठे? ट्रॉम्बेपासून टेम्पीपर्यंत

मुंबईच्या मेट्रो ३ चा आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तिच्या गाड्या चालकाविना धावू शकतील अशाच घडवलेल्या आहेत. २०२२ मध्ये पहिला टप्पा सुरू झालेल्या मेट्रो २अ आणि ७ च्या, बीईएमएलने बांधलेल्या गाड्यांचंही तेच. तरी तिथे सेवा सुरू करताना पुढे माणूस बसवलाच. दिल्लीने मॅजेंटा लाइनवर डिसेंबर २०२० मध्येच बिनचालक गाडी सोडली होती, म्हणजे प्रश्न तंत्राचा नव्हता. खुर्चीतला माणूस उठवला तर त्याला बसवायचं कुठे, आणि काही बिघडलं तर जाब कुणाला विचारायचा, हे आधी ठरावं लागतं. बिनचालक वाहनांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास मला तरी याच खुर्चीचा इतिहास वाटतो.

मुंबईत यंत्राच्या मदतीने माणसाला कामापासून दूर उभं केलं ते ट्रॉम्बेत. १९५४ मध्ये तिथे अणुऊर्जा आस्थापना उभी राहिली, १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी चालू झाली, १९६० मध्ये सायरस आली. किरणोत्सारी पदार्थांना हात लावता येत नाही, पण हातानेच करायची कामं तर असतात. त्यावर उपाय म्हणजे हॉट सेल: जाडजूड काँक्रीटच्या भिंतींची खोली, शिशाच्या काचेची खिडकी आणि भिंतीतून आरपार गेलेले यांत्रिक हात. बाहेर उभा असलेला तंत्रज्ञ मूठ जशी वळवेल तसा आतला चिमटा वळतो. अमेरिकेच्या आरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे मॅनिप्युलेटर घडवले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने आपले स्वतःचे बनवले आणि या कामासाठी रोबोटिक्सचा वेगळा विभागही उभारला. या यंत्रात स्वतःची अक्कल काडीचीही नव्हती. माणूस भिंतीच्या अलीकडे आला, एवढंच. पण चूक झाली तर ती कुणाची, यात कसलाच गोंधळ नव्हता.

(रोबो म्हटल्यावर मुंबईकरांना हे कधी आठवत नाही. त्यांना आठवते डिसेंबर २०१७ मध्ये आयआयटीच्या टेकफेस्टला साडी नेसून आलेली सोफिया ही माणसासारखी दिसणारी रोबो. तिने मथळे मिळवले. ट्रॉम्बेच्या चिमट्यांना ते कधीच मिळाले नाहीत.)

रुळांवर चालकाचं काम काढून घेणं तुलनेने सोपं गेलं. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर १९६८ पासून गाडी आपोआप धावते, चालक दारं लावून बटण दाबतो. जपानमध्ये कोबेला १९८१ मध्ये आणि फ्रान्समध्ये लीलला १९८३ मध्ये तोही उतरला. आपल्या लोकलच्या मोटरमनच्या मागेही यंत्राचा पहारा आहेच: लाल सिग्नल ओलांडला तर ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम स्वतः ब्रेक लावते. रुळांवर गाडीला वळायचा निर्णय घ्यायचा नसतो आणि मेट्रोच्या वाटेत, निदान कायद्याने, कुणी आडवं येत नाही.

रस्त्यावर नेमकं हेच नाही. म्युनिकला एर्न्स्ट डिकमान्स यांनी १९८० च्या दशकात एका मर्सिडीज व्हॅनमध्ये कॅमेरे आणि संगणक भरून ती रिकाम्या महामार्गावर चालवून दाखवली. १९९५ मध्ये त्यांची गाडी म्युनिकहून डेन्मार्कपर्यंत जाऊन आली, बहुतेक अंतर स्वतःच. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गाडीने पिट्सबर्गहून सॅन दिएगो गाठलं. स्टिअरिंग ९८ टक्के अंतर संगणकाकडे होतं; ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर मात्र माणसाच्या पायाखाली. उरलेले दोन टक्के पुढच्या तीस वर्षांना पुरले.

मार्च २००४ मध्ये डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेने मोहावीच्या वाळवंटात शर्यत लावली. बक्षीस दहा लाख डॉलर, अंतर सुमारे १५० मैल, आणि गाडीत कुणीही नाही. सर्वांत पुढे गेलेली गाडी साडेसात मैलांच्या आत अडकली. दीड वर्षाने, ऑक्टोबर २००५ मध्ये, पाच गाड्या १३२ मैल पूर्ण करून आल्या. स्टॅनफर्डची स्टॅन्ली पहिली. २००७ ची शर्यत बंद पडलेल्या हवाई तळावरच्या रस्त्यांवर झाली, तीत कार्नेगी मेलनची बॉस जिंकली. फिरत्या लेसरने आजूबाजूचं अंतर मोजणारा लायडार तोवर गाड्यांच्या टपावर दिसू लागला होता. या शर्यतींतली कित्येक माणसं गूगलने २००९ मध्ये आपल्या बिनचालक गाडीच्या प्रकल्पासाठी घेतली. तोच प्रकल्प २०१६ च्या अखेरीस वेमो झाला.

मग टेम्पी. अ‍ॅरिझोनातल्या या गावात १८ मार्च २०१८ च्या रात्री उबरच्या स्वयंचलित व्होल्वो चाचणी गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली. ती दगावली. अपघात तपासणाऱ्या सरकारी मंडळाचा अहवाल मुंबईकराने आवर्जून वाचावा असा आहे. गाडीला समोर काहीतरी असल्याचं धडकेच्या सुमारे साडेपाच सेकंद आधी कळलं होतं. पण ती त्याला कधी वाहन, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू ठरवत राहिली आणि ते कुठे सरकतंय याचा अंदाज दर वेळी नव्याने बांधत राहिली. झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल, हा विचारच तिच्या रचनेत नव्हता. दादर स्टेशनबाहेर अशी गाडी उभी केली तर तिला एकही पादचारी ओळखू यायचा नाही. संगणक गाडी हाकत असताना व्होल्वोची मूळची आपत्कालीन ब्रेकिंग सोयही बंद ठेवलेली होती.

आणि खुर्चीत माणूस होता! देखरेखीसाठी बसवलेली चालक फोनकडे पाहत होती, हा तिच्यावर ठपका. तासन् तास काही न करता सावध राहणं माणसाला जमत नाही, हे कंपनीला ठाऊक असायला हवं होतं. २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी उबरवर फौजदारी जबाबदारी येत नसल्याचं सांगितलं; चालकाने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला. काम यंत्राला दिलं आणि दोष माणसापाशी ठेवला, असं याचं रोखठोक वर्णन होईल.

यानंतर खुर्ची गाडीतूनच बाहेर गेली. वेमोने २०२० मध्ये फिनिक्समध्ये पूर्ण बिनचालक टॅक्सी सर्वांसाठी खुली केली आणि एप्रिल २०२५ पर्यंत आठवड्याला अडीच लाख फेऱ्या गाठल्या. गाडी अडली की दूरच्या कक्षातल्या माणसाला विचारते. तो स्टिअरिंग फिरवत नाही, सल्ला देतो. जनरल मोटर्सच्या क्रूझ या बिनचालक टॅक्सी कंपनीचीही अशी व्यवस्था होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या गाडीने सॅन फ्रान्सिस्कोत एका जखमी महिलेला फरफटत नेलं, परवाना गेला आणि २०२४ च्या डिसेंबरात कंपनीने रोबोटॅक्सीचा धंदाच सोडला. वेमोचीही परीक्षा डिसेंबर २०२५ मध्ये झाली. सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली, सिग्नल विझले आणि गाड्या चौकाचौकांत खोळंबल्या. बंद सिग्नलवर काय करायचं ते त्यांना येत होतं, पण एकदम इतक्या गाड्यांनी खात्री करून मागितली की कक्षातली माणसं पुरेनात. जुलैच्या पावसात सायनला रोज हेच होईल.

भारतात नितीन गडकरींनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बिनचालक मोटारींना परवानगी देणार नाही असं सांगितलं; कारण दिलं ते चालकांच्या रोजगाराचं. संशोधन थांबलेलं नाही. महिंद्राने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या स्पर्धेत आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा चमू उतरला होता, तिथल्याच विद्यार्थ्यांची मत्स्य ही स्वयंचलित पाणबुडी परदेशातल्या स्पर्धांत झळकली आहे. पवईतल्या हौदात कुणी रस्ता ओलांडत नाही, हा तिचा मोठा फायदा.

रोजगाराचा मुद्दा खरा आहे, पण माझ्या मते अडचण त्याच्याही आधीची आहे. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात बिनचालक गाडीची जबाबदारी परवानाधारक कंपनीवर टाकली. प्रवासात बसलेल्या माणसाला गाडी हाकल्याबद्दल दोषी धरता येत नाही. आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि तो चालक आहे हे गृहीत धरूनच लिहिलेला. परवाना त्याचा, बेदरकारपणा त्याचा, दंडही त्याचा. या कायद्याखाली बोरिवलीच्या चौकात बिनचालक गाडीने सिग्नल तोडला तर हवालदाराने पावती कुणाच्या नावाने फाडायची, याची तरतूद अजून नाही.