मेल गेला कुठे? एक आयडी, दोन संगणक आणि पॉप-आयमॅपचा घोळ

ओळखीतल्या एका कर सल्लागाराचं दोन टेबलांचं ऑफिस आहे. बाहेरच्या संगणकावर काका, आतल्यावर मॅडम. ईमेल आयडी एकच, कारण व्हिजिटिंग कार्डावर तोच छापलाय आणि अशिलांकडेही तोच आहे. मॅडम तीन आठवडे रजेवर होत्या. परत येऊन त्यांनी आउटलुक हा मेलचा प्रोग्राम उघडला, तर शेवटच्या दोन आठवड्यांचे मेल भराभर उतरले, पण पहिल्या आठवड्याचा एकही नाही. त्यातच एका अशिलाने पाठवलेली जीएसटीची एएसएमटी-१० नोटीस होती. तिला उत्तर द्यायला जास्तीत जास्त ३० दिवस मिळतात. काका म्हणाले, "मी काही डिलीट केलं नाही." मॅडमही तेच म्हणाल्या. दोघंही खरं बोलत होते.

काकांना व्हायरसचा संशय होता. (ऑफिसात काहीही बिघडलं की आधी व्हायरस, मग वायरिंग.) खरं कारण खात्याच्या सेटिंगमध्ये होतं. तिथे पॉप लिहिलं होतं आणि हवं होतं आयमॅप.

हे दोन्ही सर्व्हरवरचा, म्हणजे मेल कंपनीच्या संगणकावरचा, मेल आपल्यापर्यंत आणण्याचे मार्ग आहेत, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर आणा. पॉप म्हणजे पुस्तक घरी घेऊन जाणं. आयमॅप म्हणजे तिथल्याच टेबलाशी बसून वाचणं. एकट्या वाचकाला फारसा फरक जाणवत नाही. दुसरा वाचक आला की मात्र 'ते पुस्तक कुठाय?' हा प्रश्न उभा राहतो.

पॉप १९८४ सालचं. तेव्हा फोन लावून जोडणी करायची, मेल उतरवून घ्यायचे आणि फोन ठेवायचा, अशी रीत होती. सर्व्हरवर जागा कमी, म्हणून उतरवलेला मेल तिथून काढून टाकणं हेच शहाणपण. आयमॅप त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आखलं. त्यात मूळ मेल सर्व्हरवरच राहतो. वाचला, उत्तर दिलं, तारा लावला, या खुणाही सर्व्हरच सांभाळतो. पॉपच्या सर्व्हरला असल्या खुणा ठाऊकच नसतात. कोणते मेल उतरवून झाले याची यादी प्रत्येक संगणक आपापल्यापुरती ठेवतो.

मग मॅडमचा तो एकच आठवडा का गळाला? पॉपमध्ये 'लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर' अशी एक खूण असते. ती केली की प्रत सर्व्हरवर राहते आणि दुसऱ्या संगणकालाही मिळते. बरीच ऑफिसं याच ठिगळावर वर्षानुवर्षं चालतात. पण तिच्याखाली आणखी एक ओळ असते, अमुक दिवसांनी सर्व्हरवरून काढा. आउटलुकमध्ये तिथे बहुधा १४ आकडा आधीच भरलेला असतो. काकांचा संगणक रोज चालू होता. त्याने चौदा दिवस झालेले मेल इमानेइतबारे सर्व्हरवरून काढले. मॅडमचा २१ दिवस बंद होता. २१ वजा १४, बरोबर सात दिवसांचं भोक. नोटीस काकांच्या इनबॉक्समध्ये होती. 'मॅडम बघतील' म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली होती.

म्हणून मेल हरवला की आधी ब्राउझरमधून वेबमेल उघडा. तिथे नाही, पण एका संगणकावर आहे, तर बहुतेक पॉपने काढलाय. तिथे आहे, पण वाचलेला दिसतो आणि तुम्ही तर वाचला नाहीत, तर बहुतेक आयमॅप आहे आणि शेजारच्याने उघडलाय. खात्री करायची तर खात्याच्या सेटिंगमध्ये 'पोर्ट'पुढचा आकडा पाहा. ११० किंवा ९९५ असेल तर पॉप, १४३ किंवा ९९३ असेल तर आयमॅप. मेल येत नाही पण जातो, असं असेल तर गोंधळू नका. मेल पाठवण्याचा मार्ग, एसएमटीपी, पॉप आणि आयमॅप या दोन्हींपासून वेगळाच असतो.

पॉपची आणखी एक खोड. एका वेळी एकालाच मेलबॉक्स उघडू देतं. दोन्ही संगणक दर मिनिटाला मेल तपासत असतील, तर कधीतरी एकाला 'लॉक्ड' असं उत्तर येतं. अनेकदा प्रोग्राम त्यावर पासवर्डच मागत बसतो आणि आपण चांगला पासवर्ड उगाच बदलतो. जीमेलची तऱ्हा न्यारीच. पॉपने एकाला दिलेला मेल तो दुसऱ्याला पुन्हा देत नाही. त्यासाठी युजरनेमच्या आधी 'रिसेंट' हा शब्द आणि कोलन लावावा लागतो, मग गेल्या ३० दिवसांचे मेल दोघांना मिळतात.

पाठवलेल्या मेलचं तर विचारूच नका. पॉपमध्ये काकांनी दिलेलं उत्तर काकांच्याच संगणकावर राहतं. मॅडम तेच उत्तर पुन्हा पाठवतात आणि अशील बुचकळ्यात पडतो. यावर काही जण पीएसटी फाइलच (आउटलुक आपले मेल जिच्यात साठवतं ती) शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी वापरायचा जुगाड करतात. कृपा करून करू नका. मायक्रोसॉफ्ट त्याला मान्यता देत नाही, आणि फाइल बिघडली की सगळंच जातं.

तेव्हा दोन संगणक आणि एक आयडी असेल तर आयमॅपच घ्या, यात मला शंका नाही. मात्र वाचनालयातल्या पुस्तकाचं पान फाडलं तर ते सगळ्यांसाठीच फाटतं. काकांनी मेल उडवला की मॅडमकडूनही उडतो. म्हणून आयमॅपला बॅकअप समजू नका. जागेचाही हिशेब ठेवा. फुकटच्या जीमेलमध्ये १५ जीबी, तेही ड्राइव्ह आणि फोटोंसकट.

बदलताना पॉपचं खातं आधी काढू नका. दोन्ही संगणकांवरच्या पीएसटी फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, शेजारी आयमॅपचं नवं खातं जोडा आणि जुने फोल्डर थोडेथोडे ओढून त्यात टाका. तोवर पॉपची ती चौदा दिवसांची खूण काढून ठेवा.

त्या ऑफिसात आता आयमॅप आहे. नोटिशीचं उत्तर मुदतीत गेलं. पहिल्या आठवड्यात नवीच तक्रार आली. काका सकाळी लवकर येऊन सगळे मेल उघडून बघत, आणि मॅडमना सगळं वाचलेलंच दिसे. आता काका ज्याचं काम झालं नाही तो मेल पुन्हा 'अनरेड' करतात, आणि मॅडमनी हातात घेतलेल्यावर तारा असतो.