कार्बन कपात आणि कार्बन भरपाई: घरच्या हिशेबातले दोन वेगळे रकाने

घरातला जुना पंखा काढून कमी विजेवर चालणारा बसवला, की आपण म्हणतो ‘कार्बन कमी केला’. पावसाळ्यात टेकडीवर जाऊन चार रोपं लावली तरी तेच म्हणतो. विमानाचं तिकीट काढताना पैसे भरायच्या आधी कधीकधी एक चौकोन येतो. त्यावर खूण केली की थोडे पैसे जास्त जातात आणि तुमच्या प्रवासाच्या कार्बनची भरपाई झाली, असा निरोप येतो. तेही त्याच खात्यात जमा. यातली पहिली गोष्ट कपात आहे, बाकीच्या दोन भरपाई. दोन्हींना किलो आणि टन हीच मापं लावतात, म्हणून घोळ होतो. पण भरपाईचे किलो कपातीच्या किलोंइतके भक्कम नसतात, आणि एकातून दुसरं वजा करायची सवय लागली की घर खरोखर किती धूर सोडतंय हेच दिसेनासं होतं.

पुण्यातलं चार माणसांचं एक मध्यमवर्गीय घर धरू. महिन्याला २०० युनिट वीज, वर्षाला ९ सिलिंडर, स्कूटर आणि कार मिळून महिन्याला २५ लिटर पेट्रोल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीवरून देशाच्या ग्रिडमधल्या, म्हणजे सामायिक वीजजाळ्यातल्या, एका युनिटमागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे वर्षाच्या २४०० युनिटांचा सुमारे १७३० किलो. १४.२ किलोचा सिलिंडर संपला की ४२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चौदा किलो गॅसमधून एवढा कसा, असं कुणालाही वाटेल; जळताना गॅसमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन जोडला जातो आणि वजनाचा मोठा भाग त्याचाच असतो. ९ सिलिंडरांचे ३८० किलो. पेट्रोलचे लिटरला २.३ किलो, म्हणजे वर्षाचे ६९० किलो. एकूण २८०० किलो. चौघं वर्षातून एकदा पुणे-दिल्ली विमानाने जाऊन आले, तर त्यात आणखी साधारण ८०० किलोंची भर. खाणं, कपडे, घराचं सिमेंट-लोखंड यात धरलेलंच नाही.

विजेचा आकडा सर्वांत मोठा दिसतो, कारण आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. कोयनेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा, पण घरातला पंखा फिरतो तो बहुतांशी चंद्रपूर, कोराडीसारख्या केंद्रांत जळणाऱ्या कोळशावर.

कपात मीटरवर दिसते

जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा, ३० वॅटच्या आसपास. पंखा दिवसाला १० तास, वर्षात ३०० दिवस फिरला तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात. चार पंख्यांचे ५४०, म्हणजे जवळपास ३९० किलो. वर्षभराच्या स्वयंपाकाच्या गॅसइतकी ही कपात आहे, आणि वारा तेवढाच लागतो. बसवताना एक मात्र बघायचं: भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरमनला सांगून काढून घ्यायचा. या पंख्यांचा वेग रिमोटवर ठरतो. बाहेरचा रेग्युलेटर मध्ये राहिला तर आतलं सर्किट बिघडू शकतं. मग महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतो, त्यात गेल्या वर्षीचा हाच महिना शोधायचा. गेल्या महिन्याशी तुलना करून उपयोग नाही, कारण मे आणि जुलैचं बिल कधीच सारखं नसतं. कपात झाली की नाही ते तिथे कळतं. त्यासाठी कुणाचं प्रमाणपत्र लागत नाही.

गिझरकडे आपलं लक्ष कमी जातं. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला जवळपास अर्धा युनिट लागतो. चौघांच्या चार बादल्यांचे दिवसाला दोन युनिट, ३०० दिवसांचे ४३० किलो. गच्चीवर सौर बंब असेल तर यातला बहुतेक भाग पुसला जातो. एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा अंदाज आहे.

इंडक्शनच्या बाबतीत मात्र चांगल्या हेतूने उलटं काम होऊ शकतं. गॅसची शेगडी जळालेल्या उष्णतेतली दोन-तृतीयांशच्या आसपास भांड्याला देते, इंडक्शन त्याहून बरीच जास्त. त्यामुळे इंडक्शन हिरवा असं वाटतं. पण कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता वीजकेंद्रातच वाया गेलेली असते. तेवढंच वरण शिजवायला आजच्या ग्रिडच्या विजेवर गॅसच्या दुपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा फक्त जळण्याचा हिशेब आहे. गच्चीवर सौर पॅनेल असेल आणि स्वयंपाक दिवसा होत असेल, तर चित्र पार बदलतं. म्हणून आधी पॅनेल, मग इंडक्शन, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे वर्षाला टनभर कार्बन डायऑक्साइडची कपात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. स्वतःची गच्ची नसलेल्या फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या सभेत हा विषय लावून धरायला हवा. जिने, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाची वीज सगळ्यांचीच असते.

भरपाईत काय विकत मिळतं

भरपाईच्या बाजारात एक क्रेडिट म्हणजे एक टन. तुम्ही पैसे देता आणि दुसरीकडे कुणीतरी टनभर कार्बन हवेत जाऊ देत नाही किंवा हवेतून काढून घेतो. ही कल्पना हवामानबदल रोखण्यासाठी झालेल्या १९९७ च्या क्योटो करारानंतर जगभर रुळली, आणि क्रेडिट विकणाऱ्या देशांत भारत पुढे होता. कल्पनेत खोट नाही. अडचण मोजण्यात आहे. कपात मोजताना आपण झालेला वापर बघतो. भरपाई मोजताना मात्र ‘हे पैसे आले नसते तर काय झालं असतं’ याची कल्पना करावी लागते. न घडलेल्या गोष्टीला मीटर बसवता येत नाही.

भारतातल्या पवनचक्क्यांचंच बघा. क्योटो करारातून आलेल्या योजनेत त्यांना भरपूर क्रेडिटं मिळाली. पुढे अर्थतज्ज्ञांनी या प्रकल्पांचा अभ्यास केला, तेव्हा मंजूर झालेल्या क्रेडिटांपैकी किमान ५२ टक्के क्रेडिटं अशा पवनचक्क्यांना गेलेली आढळली, ज्या क्रेडिटाच्या पैशाशिवायही बहुधा उभ्या राहिल्याच असत्या. पवनचक्की खरी, वीजही खरी. पण ती क्रेडिटं विकत घेऊन ज्यांनी आपला धूर चालू ठेवला, त्यांचा धूर भरून निघाला नाही. सुधारित चुलींचंही तसंच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या चूल-प्रकल्पांना प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे नऊपट क्रेडिटं दिली गेल्याचं निघालं. घरोघरी नवी चूल पोचते, पण जुनीही पेटतच राहते. ज्या बाईच्या स्वयंपाकघरातला धूर कमी व्हायला हवा होता, तिच्या नावावर कुणीतरी न वाचलेले टन विकतो, याचा मला मनापासून राग येतो.

झाडांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे भरपाई म्हणजे वृक्षारोपण हे समीकरण पक्कं झालंय. लाकडाच्या सुक्या वजनातला साधारण निम्मा भाग कार्बनचा असतो. एखाद्या झाडाचं मुळांसकट सुकं वजन २०० किलो भरलं, तर त्यात १०० किलो निव्वळ कार्बन, म्हणजे हवेतून घेतलेला ३६७ किलो कार्बन डायऑक्साइड. वरच्या घराचे विमानासकट ३६०० किलो भरून काढायला अशी दहा झाडं लागतील, आणि तीही दरवर्षी नवी दहा. ती सगळी जगली पाहिजेत, एवढी वाढली पाहिजेत, आणि पुढे जळता-तुटता कामा नयेत. आज सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शंभर वर्षांनीही हवेत असतो, काही भाग तर हजार वर्षांनीही. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून राहिलेला कार्बन आपण कोळशातून बाहेर काढतो आणि तो पन्नास-साठ वर्षं उभ्या राहणाऱ्या खोडाच्या हवाली करतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बूटलेग नावाचा वणवा पेटला, तेव्हा भरपाईसाठी राखलेलं जंगलही त्यात सापडलं. आपल्याकडे २०१६ पासून चार वर्षांत ५० कोटी रोपांचं उद्दिष्ट राज्याने ठेवलं. त्यातली जगली किती, हा प्रश्न पुढे विधिमंडळातही विचारला गेला.

आणि झाड कुठे लावलं, हाही प्रश्न आहेच. पुणे-सोलापूर पट्ट्यातली माळरानं रोपं लावायला मोकळी पडलेली ओसाड जमीन नव्हे. तिथे लांडगा आहे, चिंकारा आहे, धाविक आणि चंडोल हे पक्षी आहेत, आणि गवताचा कार्बन बराचसा मुळांत आणि मातीत साठलेला असतो. तिथे खड्डे खणून एकाच जातीची रोपं ओळीने लावली तर नुकसानच होतं. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाच्या गर्दीखाली इतर झाडोरा किती कमी उगवतो, हे रोज टेकडीवर जाणारा कुणीही दाखवेल. स्थानिक झाडं, योग्य जागी, तीन उन्हाळे पाणी घालून जगवलेली, ही फार चांगली गोष्ट आहे. ती सावलीसाठी, पाखरांसाठी, पाण्यासाठी करावी. एसीच्या बिलातून वजा करण्यासाठी नव्हे.

तीच टाकी, दोन हिशेब

काही वेळा एकच वस्तू दोन्हीकडे बसते. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र तयार केलं. त्याला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. ते तुमच्या घरामागे बसवलं आणि सिलिंडर वर्षाला दोनने कमी लागले, तर ती तुमची कपात. कचरा डेपोत कुजून मिथेन सोडणारं खरकटंही थांबलं, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ऊब धरतो. तेच संयंत्र तुमच्या पैशातून दुसऱ्या तालुक्यातल्या घरी बसलं, तर तुमच्यासाठी ती भरपाई. कपात त्या घराची. दोघांनीही तेच किलो आपापल्या नावावर मांडले तर हवेतला कार्बन एकदाच कमी होतो आणि कागदावर दोनदा.

मग भरपाई टाकूनच द्यायची का? नाही. न्यू जर्सीत राहणारी मुलगी वर्षातून एकदा आई-वडिलांना भेटायला मुंबईला येते, तेव्हा जाऊन-येऊन माणशी दोन टनांच्या आसपास कार्बन पडतो. तिने येऊच नये असं मी कधी म्हणणार नाही. फार तर दोन छोट्या फेऱ्यांऐवजी एकच लांबची करता येईल. पुणे-दिल्लीला निदान झेलम एक्स्प्रेस आहे, समुद्रापार तसा पर्याय नाही. अशा न टळणाऱ्या टनांसाठी पैसे द्यावेत, पण ते मदतीच्या रकान्यात लिहावेत. दोन टन सोडले ते दोन टनच राहू द्यावेत, खाली ‘शून्य’ लिहू नये. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या नियमांनुसार सप्टेंबर २०२६ पासून निव्वळ भरपाईच्या जोरावर एखादी वस्तू ‘कार्बन न्यूट्रल’ असल्याचा दावा ग्राहकांपुढे करता येणार नाही. तीच शिस्त घरच्या वहीत पाळायला काय हरकत आहे?

क्रेडिट घ्यायचंच असेल तर प्रकल्पाचं नाव, गाव, कोणत्या वर्षाची बचत आणि क्रेडिटचा अनुक्रमांक मागून घ्या. व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्ड या क्रेडिटं नोंदवणाऱ्या संस्थांच्या ऑनलाइन नोंदवहीत तो क्रमांक शोधा. तो तुमच्यासाठी ‘रिटायर’, म्हणजे वापरून कायमचा बाद, झालेला दिसला पाहिजे, नाहीतर तो पुन्हा विकला जाऊ शकतो. ग्रिडला वीज देणाऱ्या पवन-सौर प्रकल्पांची जुनी क्रेडिटं स्वस्त दिसली तरी टाळा. या नोंदवह्यांनीही भारतासारख्या देशांतले असे नवे प्रकल्प घेणं २०२० च्या सुमारास थांबवलं आहे. यातलं काहीच विक्रेता देऊ शकत नसेल, तर तेच पैसे जवळच्या शाळेच्या छपरावरच्या पॅनेलला द्या. तिथे निदान मीटर असतो, आणि मुख्याध्यापकांना विचारलं तर ते आकडा दाखवतील.